दुसरा रकाना

डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना समोर फास्ट लोकल उभी असली तरी मी स्लो पकडते. ग्रुपमधल्या बायकांना याचं कोडं पहिली दोन वर्षं उलगडलं नव्हतं. "अगं, वीस मिनिटं वाचतात," म्हणत त्यांनी मला एक-दोनदा दंडाला धरून फास्टमध्ये ओढलंय. मी हसून म्हणायचे, "स्लोला बसायला मिळतं." साफ खोटं. डोंबिवलीला कुठल्याच गाडीत बसायला मिळत नाही. खरी गोष्ट अशी, की फास्ट गाडी ठाणं सोडलं की बहुतेक वेळा थेट घाटकोपरला थांबते, आणि लोकलला संडास नसतो. स्लो गाडी दर तीन-चार मिनिटांनी थांबते. कुठल्या स्टेशनात बायकांचा संडास प्लॅटफॉर्मच्या कल्याणकडच्या टोकाला आहे, कुठे मधल्या पुलाखाली आहे आणि कुठे बाहेर पडून पैसे मोजावे लागतात, हा नकाशा माझ्या डोक्यात पक्का आहे. तो माझ्या पोटाने काढलाय.

सुरुवात एका लग्नातल्या जेवणाने झाली. मे महिना, दुपारची पंगत, वर बासुंदी. त्या रात्रीपासून तीन दिवस जुलाब. घरातले चौघं आडवे झालो, चौघंही उठलो. तिघांची पोटं पूर्ववत झाली, माझं झालं नाही. सकाळी मुरडा, तीन-तीन वेळा जाणं, तरी पोट साफ झालं असं न वाटणं, दुपारी फुगारा, मग दोन दिवस काहीच नाही आणि परत तेच. पोटाचा असा संसर्ग होऊन गेल्यावर साधारण दहातल्या एकाच्या मागे हे दुखणं, म्हणजे आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम), लागतं, असं पुढे वाचलं. कॅनडातल्या वॉकर्टन नावाच्या गावात मे २००० मध्ये नळाच्या पाण्यात जंतू शिरले, दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, सात दगावले. जे बरे झाले त्यांच्या पोटांचा हिशोब डॉक्टर पुढची आठ वर्षं ठेवत होते. दोन-तीन वर्षांनी त्यांतल्या २८ टक्के लोकांना हा त्रास होता, आठ वर्षांनी १५ टक्क्यांना. हे वाचून मला आधी बरं वाटलं, की निम्म्यांचं आपोआप गेलं. मग लक्षात आलं की निम्म्यांचं आठ वर्षांनीही गेलं नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रक्त, शौच, सोनोग्राफी, शेवटी दुर्बीण. रिपोर्टची फाईल माझ्याकडे सरकवत म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेता का?" ती भेट चार मिनिटांची होती. फी भरताना मला रडू आलं, आणि काउंटरवरच्या मुलीला वाटलं की रिपोर्ट वाईट आलाय.

रिपोर्टात न दिसणारं काय असतं, हे १९७३ साली ब्रिटनमध्ये रिची नावाच्या संशोधकाने फुग्याने दाखवून दिलं होतं. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा सरकवायचा आणि हळूहळू फुगवायचा. ६० मिलिलिटर हवेला आयबीएस असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना दुखलं. बाकीच्या लोकांत दुखणारे होते ६ टक्के. आतडं तेच, फुगा तेवढाच, फक्त जाणीव जास्त. इरिटेबल बॉवेलला मराठीत कुणी 'चिडकं आतडं' म्हणतं. माझ्या सासूबाईंनी यातलं अक्षर वाचलेलं नाही, पण त्या पहिल्यापासून म्हणतात, "तुझं पोट हळवं आहे गं." या आजाराला याहून नेमका शब्द मला कुठल्या वैद्यकीय लेखात सापडला नाही.

निदानाची व्याख्या एक समिती ठरवते आणि तिचं नाव रोम. तिची चौथी आवृत्ती २०१६ची: गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखायला हवं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, ती किती वेळा होते त्याच्याशी आणि तिच्या घट्टपातळपणाशी, यांतल्या निदान दोहोंशी संबंध हवा. घट्टपातळपणासाठीसुद्धा ब्रिस्टल शहराच्या नावाचा सात चित्रांचा तक्ता आहे. एक नंबर म्हणजे लेंड्या, सात म्हणजे निव्वळ पाणी. आमच्या घरात हा तक्ता आता मुखोद्गत आहे. "आज किती?" "सहा." बाहेरच्या माणसाला वाटेल क्रिकेट चाललंय.

एकदा निदान कळलं की सल्ल्यांना तोटा नसतो. ओवा चाव, ताक पी, गहू सोड, दूध सोड, बेलमुरंबा खा, पवनमुक्तासन कर, अमक्या वैद्यांकडे जा, तमकी कॅप्सूल घे. प्रत्येकाकडे एक माणूस असतो ज्याला त्याने "शंभर टक्के" बरं वाटलेलं असतं. मला या माणसांविषयी शंका नाही. बरं त्यांना वाटलेलंच असणार. पण मी पंचवीस वर्षं ऑडिटमध्ये काढली आहेत. एखाद्या खात्याने लिहून पाठवलं, की 'या योजनेमुळे वसुली वाढली', तर आम्ही पहिल्यांदा विचारतो, योजना नव्हती त्या शेजारच्या तालुक्यात किती वाढली? तो दुसरा रकाना समोर आल्याशिवाय सही होत नाही. पुष्कळदा शेजारच्या तालुक्यातही तेवढीच वाढलेली असते, पाऊस चांगला झालेला असतो, एवढंच. आयबीएसमध्ये हा पाऊस फार पडतो. त्रास आपोआप चढतो-उतरतो, आणि माणूस नवा उपाय सुरू करतो तो नेमका त्रास शिगेला पोचलेला असताना. त्यानंतर उतारच असतो. त्या उतारावर जो उपाय हाती असेल त्याला श्रेय मिळतं.

म्हणून मी रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर शोधनिबंध वाचायला लागले. सगळे कळले असं नाही, पण तक्ते वाचता येतात मला. पोटाचा त्रास नसता तर या वयात मी कशाला वाचलं असतं.

पहिला तक्ता इसबगोलाचा. सासूबाई रोज रात्री पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे भुसी ढवळून पितात, आणि मी ती लग्नापासून नाक मुरडून बघत आलेय. इसबगोल मूळचा फारसी शब्द, अर्थ घोड्याचा कान, बियांचा आकार तसा असतो म्हणून. जगाला लागणारं बहुतेक इसबगोल आपल्याकडे गुजरात-राजस्थानात पिकतं, त्याचा मोठा बाजार उंझ्याला. आणि या घरगुती वस्तूची सगळ्यांत नेटकी परीक्षा घेतली ती डच लोकांनी. साध्या फॅमिली डॉक्टरांकडे येणारे २७५ रुग्ण, तीन गट. एकाला रोज दहा ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला दहा ग्रॅम गव्हाचा कोंडा, तिसऱ्याला दहा ग्रॅम तांदळाची पिठी. पिठी म्हणजे दुसरा रकाना. ज्या पिठाचे आपण मोदक करतो, ते तिथे औषध नसलेलं औषध म्हणून वाटलं गेलं. २००९ साली निकाल छापून आला. पहिल्या महिन्यात पुरेसा आराम वाटलेले इसबगोलवाले ५७ टक्के, पिठीवाले ३५ टक्के.

या दोन आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसले होते. इसबगोल जिंकलं, खरंच. पण शंभरातल्या पस्तीस जणांना पिठीने बरं वाटलं, आणि इसबगोल घेऊनही त्रेचाळीस जणांना वाटलं नाही. शिवाय २७५पैकी शेवटपर्यंत टिकले फक्त १६४. ऑडिटच्या भाषेत बोलायचं तर व्हाउचरं गहाळ आहेत. तरीही मी दुसऱ्या दिवशी सासूबाईंसमोर पेला धरला. "आणखी एक चमचा इकडे." त्या काही बोलल्या नाहीत. एवढा संयम त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा दाखवल्याचं आठवत नाही. सुरुवात अर्ध्या चमच्याने करावी लागते आणि वर भरपूर पाणी, नाहीतर पोट आणखीच फुगतं. हे मात्र मी चुकून शिकले.

कोंड्याची गोष्ट वेगळीच निघाली. 'फायबर खा' हा सल्ला डोळे झाकून दिला जातो. डच प्रयोगात सर्वांत आधी सोडून गेले ते कोंडावाले, त्रास वाढला म्हणून. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९९४ मध्ये, मँचेस्टरच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना सरळ विचारलं होतं: कोंड्याने काय झालं? ५५ टक्के म्हणाले, बिघडलं. १० टक्के म्हणाले, सुधारलं. पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारे तंतू वेगळे आणि खरखरीत कोंडा वेगळा. आपल्याकडे कोंड्याचा मांडा करणाऱ्याचं कौतुक असतं. हळव्या पोटाने मात्र त्या वाटेला जाऊ नये.

पेपरमिंटच्या तेलाच्या कॅप्सूल मी घेतल्या. पुदिन्याची चटणी खाऊन भागत नाही. तेल पोटात न फुटता आतड्यात जाऊन फुटावं असं वेष्टण लागतं. त्यातलं मेन्थॉल आतड्याचे स्नायू सैल करतं. २००८च्या एका एकत्रित विश्लेषणात याचा आकडा इतका सुरेख होता, की अडीच माणसांना दिलं की एकाला हमखास गुण. मग २०२०मध्ये नेदरलँड्समध्येच १९० रुग्णांवर नीट प्रयोग झाला. मुख्य कसोटीवर तेल ४७ टक्के, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, ३४ टक्के, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकतो असं संख्याशास्त्राने सांगितलं. दुखणं थोडं कमी झालं, एवढं पदरात पडलं. मोठ्या, काटेकोर प्रयोगात जुने आकडे असे खाली येतात. आमच्याकडेही जिल्ह्याचे आकडे राज्यात एकत्र केले की असंच होतं.

बेलमुरंब्याचा सल्ला माझ्या आत्याचा. तिच्या माहेरी आव पडली की तोच देत. हे हसण्यावारी न्यायच्या बेतात मी होते, तेवढ्यात १९८९चा एक भारतीय निबंध सापडला. बनारस हिंदू विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १६९ रुग्ण घेतले. एका गटाला बेल आणि ब्राह्मी, दुसऱ्याला त्या काळचं नेहमीचं औषध, तिसऱ्याला प्लासिबो. सहा आठवड्यांनी बेल-ब्राह्मीने गुण आलेले ६४.९ टक्के, नेहमीच्या औषधाने ७८.३, प्लासिबोने ३२.७. जुलाबाचा त्रास असलेल्यांना बेल जास्त मानवलं, दुखण्याचा असलेल्यांना दुसरं औषध. गंमत म्हणजे त्या 'नेहमीच्या औषधात' दोन गोळ्यांच्या जोडीला इसबगोलही होतं, म्हणजे आमचा घोड्याचा कान आधुनिक संघाकडून खेळत होता. हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं. ती खूश. पण त्या निबंधाचा शेवट मी तिला सांगितला नाही. सहा महिन्यांपलीकडे पाठपुरावा केल्यावर, त्रास उलटण्याच्या बाबतीत यातलं काहीच प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नव्हतं. आयबीएसच्या बहुतेक प्रयोगांची मुदत सहा किंवा बारा आठवड्यांची असते. माझा आजार अकरा वर्षांचा आहे.

आता कांदा. आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद. माहेरीही बंद, सासरीही बंद. आषाढातल्या कांदेनवमीला भजी, थालीपीठ, कांद्याची पीठ पेरून भाजी असा सगळा कांद्याचा उत्सव करायचा आणि एकादशीपासून टोपली माळ्यावर. आजारपणाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की श्रावणात पोट बरं असतं. सासूबाईंचं म्हणणं, देवाचं करतेस म्हणून. माझा आक्षेप तयार होता: श्रावणात सुट्ट्या जास्त, बाहेरचं खाणं कमी, साइट ऑडिटचे दौरे नसतात. कारण नेमकं कुठलं, हे यातून निघत नाही.

मग ऑस्ट्रेलियाचं वाचलं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी २००५च्या सुमाराला एक शब्द तयार केला, फॉडमॅप. लहान आतड्यात नीट शोषली न जाणारी आणि मोठ्या आतड्यात जाऊन आंबणारी छोटी कर्बोदकं, असा त्याचा सारांश. कांदा, लसूण आणि गहू यांत एक प्रकार, डाळी-कडधान्यांत दुसरा, दुधात तिसरा, आंबा आणि मधात चौथा, फ्लॉवर आणि मशरूममध्ये पाचवा. ही आतड्यात पाणी ओढतात, वायू करतात, आतडं ताणलं जातं. रिचीचा फुगा आठवा. सगळ्यांचंच ताणलं जातं, कळतं ते हळव्या पोटाला. २०१४च्या त्यांच्या प्रयोगात आयबीएसचे ३० रुग्ण होते, त्यांना २१ दिवस एक आहार आणि २१ दिवस दुसरा, सगळे डबे विद्यापीठातून. शंभरच्या मोजपट्टीवर त्रास नेहमीच्या ऑस्ट्रेलियन जेवणावर ४५च्या आसपास, कमी फॉडमॅपवर २३.

याच मंडळींची एक गोष्ट मला फार आवडते. २०११मध्ये त्यांनी दाखवलं, की ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या प्रथिनामुळे, सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन न चालण्याचा आजार, नसलेल्यांनाही त्रास होतो. जगभर गहू सोडण्याची लाट आली. २०१३मध्ये त्यांनीच ३७ जणांवर पुन्हा तपासलं, या वेळी आधी सगळ्यांचं जेवण कमी फॉडमॅपचं करून. ग्लुटेनचा परिणाम नाहीसा झाला. स्वतःचाच पॅरा, म्हणजे ऑडिटमधला लेखी आक्षेप, स्वतः मागे घ्यायला काय लागतं, हे मी सरकारी नोकरीत असल्यामुळे जाणते. लाट मात्र ओसरली नाही. आमच्या सोसायटीखालच्या दुकानात 'ग्लुटेन फ्री' चिवडा मिळतो. पोह्यांचा. पोह्यांत ग्लुटेन कधी होतं?

आहाराच्या प्रयोगांवर माझा एक आक्षेप कायम आहे. गोळीसारखी खोटी गोळी करता येते, खोटं जेवण करता येत नाही. आपण कुठल्या रकान्यात आहोत हे जेवणाऱ्याला ताटावरून कळतंच. स्वीडनमध्ये २०१५ला फॉडमॅपची तुलना साध्या जुन्या सल्ल्याशी केली: वेळेवर जेवा, थोडं थोडं जेवा, सावकाश चावा, तळकट, तिखट, चहा-कॉफी आवरा. दोन्हींकडे साधारण निम्म्यांना फरक पडला. म्हणजे माझी आजी आणि मोनॅश विद्यापीठ बरोबरीत सुटले. पुढे २०२४मध्ये स्वीडिश लोकांनीच २९४ रुग्णांवर चार आठवडे आहार आणि औषधं समोरासमोर ठेवली. फॉडमॅप आणि तो जुना सल्ला एकत्र दिल्यावर ७६ टक्के, पिष्टमय पदार्थ कमी केलेल्या आहाराने ७१ टक्के, औषधांनी ५८ टक्के लोकांना लक्षणीय आराम. जेवणाकडे आधी बघावं एवढा कौल यातून मिळतो असं मला वाटतं. कुठलं जेवण, याचा तेवढा स्पष्ट मिळत नाही.

मी फॉडमॅप केलं, एका आहारतज्ज्ञ बाईंच्या देखरेखीखाली. सहा आठवडे कडक. मराठी घरात हे करणं म्हणजे काय ते करणारीलाच कळतं. आमटी नाही, उसळ नाही, पोळी नाही, पिठलं नाही. उरतो भात, ज्वारीची भाकरी, भेंडी, दुधी, पालक, अंडं, मासे. कांद्याऐवजी हिंग घालायला गेले तर बाजारच्या खड्याखेरीजच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं हे कळलं. हिरवी पात चालते, खालचा पांढरा कांदा नाही. एक युक्ती मात्र झकास मिळाली. लसणातला त्रासदायक अंश पाण्यात उतरतो, तेलात नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकायच्या आणि त्याच तेलात फोडणी करायची. वास घरभर, पोटात लसूण नाही. या फोडणीच्या वासावर सासूबाईंनी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "चातुर्मास आहे ना?"

सहा आठवड्यांनी एकेक पदार्थ परत आणायचा असतो, आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. जे सोडलं ते कायमचं सोडतात आणि वाळत जातात. मला बाईंनी थांबू दिलं नाही. तीन दिवस दूध. काही झालं नाही. तीन दिवस पोळी: दोनपर्यंत ठीक, चारला फुगारा. हापूसची अर्धी फोड-दोन फोडी चालतात, अख्खा आंबा चालत नाही, आणि अर्ध्या आंब्यावर थांबणं हा आयबीएसपेक्षा अवघड आजार आहे. तूरडाळ, निथळून घट्ट वरण केलं तर बरी. कच्चा कांदा, कोशिंबिरीतला, तासाभरात हिशोब चुकता करतो. म्हणजे सासूबाईंचा देव आणि मेलबर्न दोघांचं कांद्यावर एकमत झालं. बाकीच्या यादीवर नाही.

दुसऱ्या डॉक्टर मला योगायोगाने भेटल्या. त्यांनी आधी रक्त पडतं का, वजन उतरलंय का, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग होता का, हे सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आता पहिल्यापासून सांगा." मी सांगत गेले. लग्नातली बासुंदी, स्लो लोकल, फीच्या काउंटरवरचं रडू. चाळीस मिनिटं झाली असतील. त्यांनी कागदावर मेंदू आणि आतडं काढून मध्ये दोन्ही दिशांचे बाण काढले. गोळी काहीच दिली नाही त्या दिवशी. पुढचे दोन आठवडे माझं पोट गेल्या कित्येक वर्षांत नव्हतं इतकं शांत होतं.

याचासुद्धा तक्ता आहे. बॉस्टनमध्ये टेड कॅपचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये आयबीएसच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला नुसतं वाट बघायला सांगितलं. दुसऱ्याला खोटं अ‍ॅक्युपंक्चर, सुया टोचल्यासारख्या वाटतात पण आत जात नाहीत, आणि डॉक्टर पाच मिनिटांत कामापुरतं बोलून निघून जाणार. तिसऱ्याला तेच खोटं अ‍ॅक्युपंक्चर, पण पहिल्या भेटीत पाऊण तास जिव्हाळ्याने विचारपूस. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटणारे: २८ टक्के, ४४ टक्के, ६२ टक्के. पाच मिनिटांची भेट आणि पाऊण तासाची भेट यांत अठरा टक्क्यांचं अंतर. पुष्कळ महागड्या गोळ्यांना प्लासिबोवर एवढी आघाडी मिळत नाही. जुलाबाच्या आयबीएससाठी अमेरिकेत मान्य झालेल्या रिफॅक्झिमिनचंच बघा: २०११च्या दोन मोठ्या प्रयोगांत १२६० रुग्ण, औषध ४१ टक्के, प्लासिबो ३२.

कॅपचुक यांनी २०१०मध्ये त्याच्याही पुढे जाऊन ८० रुग्णांचे दोन गट केले आणि एका गटाला उघड सांगितलं, की या गोळ्यांत औषध नाही, साखरेच्या गोळीसारख्याच आहेत, पण अशा गोळ्यांनी बरं वाटतं असं दिसलं आहे. रोज दोनदा घ्या. तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना आराम, गोळी न घेणाऱ्यांत ३५. प्रयोग लहान, मुदत लहान, आणि जाहिरातीत 'मन आणि शरीराचा नवा प्रयोग' असं लिहिलं होतं म्हणे, म्हणजे आलेले लोक आधीच भाविक. माझे आक्षेप मी समासात लिहून ठेवलेत. पण इतकी वर्षं दुसरा रकाना मी वजा करायला वापरत होते. पहिल्यातून दुसरा वजा, उरलं ते खरं. माझे स्वतःचे दोन शांत आठवडे त्या वजा केलेल्या रकान्यातले होते, आणि ते मला आजवरच्या कुठल्याही गोळीपेक्षा जास्त आठवतात.

तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन लिहून दिलं, रात्री दहा मिलिग्रॅम. मी घरी येऊन नाव शोधलं आणि पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. डिप्रेशनची गोळी! म्हणजे या बाईंनाही अखेर टेन्शनच वाटतंय तर. दोन महिने ते पाकीट तसंच पडलं होतं. पुढच्या भेटीत मी तावातावाने विचारलं. त्या म्हणाल्या, "डिप्रेशनला याच्या कितीतरी पट डोस लागतो. इथे तो आतड्याच्या दुखण्याच्या नसांचा आवाज कमी करायला देतेय. रेडिओ बंद नाही करत, आवाज कमी करते."

रात्री तक्ता शोधला. इंग्लंडमध्ये २०२३ला छापून आलेला प्रयोग, ५५ फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने, ४६३ रुग्ण, सहा महिने. दहापासून तीस मिलिग्रॅमपर्यंत डोस रुग्णाने स्वतः ठरवायचा. आराम पडलेले ६१ टक्के, प्लासिबोने ४५. त्रासाच्या ५०० गुणांच्या पट्टीवर दोन गटांतला फरक २७ गुणांचा. पाचशेत सत्तावीस! शाळेत असते तर बाबांनी प्रगतिपुस्तकावर सही केली नसती. पण सहा महिने मुदतीचा, नीट राखलेला दुसरा रकाना असलेला आणि माझ्यासारख्याच साध्या दवाखान्यांत जाणाऱ्या लोकांवर केलेला यापेक्षा बरा तक्ता मला मिळाला नाही. मी पाकीट उघडलं. पहिले दहा दिवस तोंडाला कोरड आणि सकाळी डोळ्यांवर झापड. लोकलमध्ये उभ्याने झोपले एकदा. मग जमलं. आता वीसवर आहे, डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

उरलेलं थोडक्यात सांगते. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलवर तीन महिन्यांत जे पैसे गेले त्यात मिक्सर आला असता. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२०मध्ये सांगितलं, की आयबीएससाठी या वापरायच्या तर संशोधनापुरत्याच. ताक मी पिते, पण ते ताक आहे म्हणून. संमोहनाने पुष्कळांना गुण येतो, मँचेस्टरच्या व्हॉरवेल यांनी १९८४पासून ते लावून धरलंय. मला डोंबिवलीत ते नीट करणारं कुणी भेटलं नाही. योगासनांवर दिल्लीच्या एम्समध्ये २००४ला एक प्रयोग झाला होता, जुलाबाचा त्रास असलेले फक्त २२ पुरुष. बावीस म्हणजे आमच्या डब्यातल्या एका बाजूच्या बायकासुद्धा नाहीत. तरी मी पवनमुक्तासन करते. नाव वाचूनच त्याला संधी द्यावीशी वाटते. आणि अलोसेट्रॉन नावाच्या गोळीची कहाणी कुणी 'एकच रामबाण सांगा' म्हणालं की मी सांगते: फेब्रुवारी २०००मध्ये अमेरिकेत मान्यता, नोव्हेंबरात माघार, कारण काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठाच अडला. गुण होता तिला. पुढे २००२मध्ये कडक अटींवर परत आली.

परवा कांदेनवमी झाली. नवऱ्याने स्वतः भजी तळली. कांदा लांबट चिरलेला, मीठ लावून पाणी सुटू दिलेलं, त्यात मावेल तेवढंच बेसन, म्हणजे फॉडमॅपच्या वहीतली दोन लाल पानं एकाच घाण्यात. माझ्या ताटलीत त्याने मोजून दोन ठेवली आणि झारा हातात धरून उभा राहिला.

"बघू नका हो असं," मी म्हटलं.

मी चार खाल्ली. रात्री इसबगोल, वीसची गोळी. वहीत लिहिलं: भजी ४. सकाळी पावणेसातला मुरडा, ब्रिस्टल सहा. स्टेशनवर फास्ट आधी लागली होती, ग्रुपमधल्या दोघी दारातून हात करत होत्या. मी त्यांना "जा पुढे" असा हात केला आणि स्लोच्या इंडिकेटरखाली जाऊन उभी राहिले.